अंदाज चुकला, मग अर्थही चुकला : २००४ च्या निकालाची उजळणी

कुठल्याही लोकसभा निवडणुकीचा निकाल लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. पहिली, एक्झिट पोलवाल्यांची टिंगल. दुसरी, "जनतेने अमुक संदेश दिला आहे" असं सांगणारे लेख. पहिली दोन दिवसांत विरते. दुसरी मात्र वर्षानुवर्षं टिकते, पाठ्यपुस्तकासारखी होते, आणि पक्ष त्यावरून धोरणं ठरवतात. माझं म्हणणं असं की पोल चुकण्यापेक्षा ही दुसरी चूक जास्त महाग पडते. आणि त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २००४ चं आहे.

आता ज्यांचं वय पंचविशीच्या आत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात.

डिसेंबर २००३ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान आणि छत्तीसगड ही तीन राज्यं भाजपने काँग्रेसकडून हिसकावून घेतली. पाऊस चांगला झाला होता, शेअर बाजार वर होता, पाकिस्तानशी बोलणी सुरू झाली होती, आणि वाजपेयींच्या तोडीचा चेहरा समोर दिसत नव्हता. लोकसभेची मुदत ऑक्टोबरपर्यंत होती. तरी फेब्रुवारीत लोकसभा विसर्जित केली गेली. 'इंडिया शायनिंग' आणि 'फील गुड' हे शब्द घराघरांत पोचले. त्या वेळच्या जनमत चाचण्या रालोआला तीनशेच्या पुढे नेत होत्या. प्रश्न जिंकणार का असा नव्हताच, कितीने जिंकणार एवढाच होता.

२० एप्रिल ते १० मे असं टप्प्याटप्प्याने मतदान झालं. तेव्हा प्रत्येक टप्प्यानंतर लगेच एक्झिट पोल दाखवले जायचे, आजच्यासारखी बंदी नव्हती. ती कायद्याने आली २०१० मध्ये, लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या कलम १२६ अ मुळे. तर प्रत्येक टप्प्यागणिक रालोआचा आकडा खाली यायला लागला. तरीही शेवटच्या दिवशी सगळ्या वाहिन्यांची बेरीज रालोआला साधारण २३० ते २७५ अशी होती. रालोआ बहुमताला थोडी कमी पडेल, एवढंच कोणी कोणी म्हणत होतं. ती मागे पडेल असं कुणी म्हणत नव्हतं.

१३ मे ला मतमोजणी झाली. भाजप १३८, काँग्रेस १४५. रालोआ सगळी मिळून १९० च्या आत. वाजपेयींनी त्याच संध्याकाळी राजीनामा दिला. १७ मे ला मुंबई शेअर बाजार दिवसात आठशेहून जास्त अंकांनी कोसळला, व्यवहार दोनदा थांबवावे लागले. तेव्हा सेन्सेक्स पाच हजारांच्या आसपास होता, म्हणजे बघा हा फटका केवढा असेल. १८ मे ला सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारलं, २२ मे ला मनमोहन सिंगांचा शपथविधी झाला.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. आता पुढचं.

निकालानंतर चार दिवसांत एक अर्थ पक्का झाला, आणि आजही तोच सांगितला जातो : "शहरं चमकत होती, खेडी अंधारात होती. खेड्यातल्या गरिबाने चमचमीत जाहिरातीला चपराक लगावली." ऐकायला छान आहे. न्याय झाल्यासारखं वाटतं. पण आकडे घेऊन बसलं की ही गोष्ट ठिकठिकाणी उसवते.

पहिला आकडा. १९९९ मध्ये काँग्रेसला २८.३ टक्के मतं होती आणि जागा ११४. २००४ मध्ये मतं २६.५ टक्के आणि जागा १४५. म्हणजे मतं जवळजवळ दोन टक्क्यांनी घटली आणि जागा ३१ ने वाढल्या! भाजपची मतं २३.८ वरून २२.२ वर आली, म्हणजे घट काँग्रेसपेक्षा थोडी कमीच, पण जागा १८२ वरून १३८. ज्याला आपण देशव्यापी लाट, उठाव, चपराक म्हणतो, त्यात जिंकणाऱ्या पक्षाची मतं हरणाऱ्यापेक्षा जास्त घटलेली आहेत.

हे कसं झालं? काँग्रेसने १९९९ मध्ये ४५३ जागा लढवल्या होत्या, २००४ मध्ये ४१७. म्हणजे ३६ जागा कमी. त्यामुळे मतांच्या टक्केवारीतली घट काही अंशी त्यातूनच आलेली आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण मुद्दा तोच आहे. काँग्रेसने जागा सोडल्या आणि मित्र मिळवले. भाजपने मात्र १९९९ पेक्षा २५ जागा जास्त लढवल्या, ३३९ च्या ३६४ केल्या, आणि मित्र गमावले.

तामिळनाडू बघा. १९९९ मध्ये द्रमुक रालोआत होता आणि रालोआला तिथे ३९ पैकी २६ जागा मिळाल्या होत्या. डिसेंबर २००३ मध्ये द्रमुक बाहेर पडला आणि पुढे काँग्रेसबरोबर गेला. भाजपने जयललितांचा हात धरला. निकाल : द्रमुक-काँग्रेस आघाडीला ३९ पैकी ३९. शेजारच्या आंध्रात १९९९ मध्ये तेलुगू देसमच्या २९ आणि भाजपच्या ७ अशा ३६ जागा होत्या. २००४ मध्ये तेलुगू देसम ५, भाजप शून्य. या दोन राज्यांत मिळून रालोआ ६२ वरून ५ वर आली. ५७ जागा, फक्त दोन राज्यांत. रालोआच्या पराभवाचा मोठा भाग इथेच संपतो.

आंध्रात लोकांचा राग होता, दुष्काळ होता, शेतकरी आत्महत्या होत्या, हे खरंच आहे. तिथे 'खेड्याचा राग' ही गोष्ट लागू पडते. पण ती आंध्रची गोष्ट आहे, ती अख्ख्या देशाला चिकटवली गेली. मध्य प्रदेशात भाजपला २९ पैकी २५, राजस्थानात २५ पैकी २१, छत्तीसगडात ११ पैकी १० जागा मिळाल्या. ही काय शहरी, चकचकीत राज्यं आहेत? कर्नाटकात २८ पैकी १८ भाजपला, आणि तिथे हरले ते काँग्रेसचे एस. एम. कृष्णा, बंगळुरूच्या आयटीचे शिल्पकार म्हणून ज्यांचं कौतुक होत होतं ते.

आणि आता आपल्या घरचं बघू. महाराष्ट्रात तर ही गोष्ट सरळ उलटी पडते.

चमकणारा इंडिया कुठे असेल तर तो मुंबईत. शेअर बाजार इथे, जाहिरात कंपन्या इथे. १९९९ मध्ये मुंबईतल्या सहापैकी पाच जागा युतीकडे होत्या. २००४ मध्ये बरोबर उलटं झालं, पाच काँग्रेसकडे. लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशी एकनाथ गायकवाडांकडून हरले. पेट्रोलियम मंत्री राम नाईक गोविंदाकडून हरले. किरीट सोमय्या गेले, जयवंतीबेन मेहता गेल्या. युतीचे एकटे मोहन रावले उरले. म्हणजे 'फील गुड'चं जिथे सगळ्यात जास्त पीक यायला हवं होतं, तिथेच नापिकी झाली.

दिल्लीतही तेच, सातपैकी सहा काँग्रेसला.

आता विदर्भ. कापूस, कर्ज, आत्महत्या. 'अंधारातला भारत' म्हणून कुठे बोट दाखवायचं तर यवतमाळ-वर्ध्याकडे दाखवावं लागेल. तिथे ११ पैकी १० जागा सेना-भाजपला! काँग्रेसचे फक्त नागपूरचे विलास मुत्तेमवार निवडून आले. का? दोन कारणं मला दिसतात. एक म्हणजे राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं. शेतकऱ्याचा राग दिल्लीपेक्षा मुंबईतल्या मंत्रालयावर निघाला. दुसरं, बसपाने विदर्भात चांगली मतं घेतली आणि ती मुख्यतः काँग्रेसच्या वाट्यातली होती. भंडाऱ्यात प्रफुल्ल पटेल अगदी थोडक्यात पडले.

तर महाराष्ट्रात २००४ साली चमचमीत मुंबईने युतीला नाकारलं आणि होरपळलेल्या विदर्भाने युतीला डोक्यावर घेतलं. "खेड्याने शहराला धडा शिकवला" हे वाक्य या नकाशावर कुठे बसवायचं ते मला कुणीतरी सांगावं.

म्हणजे खरं काय झालं? माझ्या मते २००४ मध्ये एक राष्ट्रीय निवडणूक झालीच नाही. अठ्ठावीस राज्यांत अठ्ठावीस निवडणुका झाल्या आणि त्यांची बेरीज दिल्लीत झाली. बहुतेक ठिकाणी लोकांनी राज्यातल्या सरकारला हिशेब विचारला. आणि जिथे ज्याने मित्र नीट जोडले होते तिथे त्याला एक मत दीड मतासारखं मिळालं.

आता एक्झिट पोलवाल्यांकडे परत येऊ, कारण त्यांची चूक आणि विश्लेषकांची चूक यांचं मूळ एकच आहे.

आपल्याकडे सर्वेक्षणाची परंपरा तशी नवी नाही. १९५० च्या दशकातच एरिक द कोस्टा यांनी इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक ओपिनियन सुरू केली. रजनी कोठारींच्या सीएसडीएसने १९६० च्या दशकात मतदारांचा अभ्यास सुरू केला. १९८० च्या दशकात प्रणय रॉय, अशोक लाहिरी आणि डेव्हिड बटलर यांनी एक साधी पण मोठी गोष्ट दाखवून दिली. भारतात निवडणूक दोन गोष्टींवर ठरते : मतं किती हलली, आणि विरोधक किती एक आहेत. या दुसऱ्या गोष्टीला त्यांनी मोजमाप दिलं, विरोधी ऐक्याचा निर्देशांक. मतांत एका टक्क्याचाही फरक न पडता, फक्त विरोधक एकत्र आले किंवा फुटले, तर डझनांनी जागा इकडच्या तिकडे होतात.

सर्वेक्षण मोजतं मतं. आपण त्याला विचारतो जागा. मतांवरून जागा काढायच्या तर मागच्या निवडणुकीचा सांगाडा घ्यावा लागतो आणि त्यावर नवी मतं चढवावी लागतात. पण सांगाडाच बदलला असेल तर? १९९९ मध्ये महाराष्ट्रात काँग्रेस आणि राष्ट्रवादी समोरासमोर होते, २००४ मध्ये एकत्र. तामिळनाडूत सगळं उलटंपालटं. अशा वेळी जुना सांगाडा उपयोगाचा नसतो.

दुसरी अडचण माणसांची. मतदान केंद्राबाहेर हातात कागद घेतलेला, पँट-शर्टातला मुलगा थांबवतो आणि विचारतो, "कोणाला मत दिलंत?" गावात कोण कोणाचा माणूस आहे हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याचं पोट गावातल्या दुसऱ्याच्या शेतावर आहे, ती बाई किंवा तो माणूस खरं सांगेल? बऱ्याचदा काही न बोलता पुढे जातो, नाहीतर जो जिंकतोय असं वाटतं त्याचं नाव सांगून मोकळा होतो. बोलके लोक जास्त मोजले जातात, गप्प राहणारे कमी. आणि सत्तेतल्या पक्षाच्या बाजूने बोलायला कुणाला भीती नसते.

तिसरी गोष्ट, कळपाची. एका संस्थेचा आकडा २६० आला आणि दुसरीचा १९० आला, तर दुसरीचा जीव वरखाली होतो. एकटं चुकणं परवडत नाही. सगळ्यांबरोबर चुकलं तर कुणी नाव घेत नाही. म्हणून पाच पोल एकच सांगतात तेव्हा पाच पुरावे मिळाले असं समजू नये. कधी कधी तो एकच पुरावा पाच वेळा छापलेला असतो.

२००४ नंतरचा इतिहासही पाहा. २००९ मध्ये काँग्रेसला एकटीला २०६ मिळतील असं सांगणारे जवळजवळ नव्हतेच. २०१४ मध्ये बहुतेकांनी दिशा बरोबर सांगितली, पण रालोआ ३३६ ला जाईल हे मोजक्यांनाच दिसलं. २०१९ मध्ये चांगलं जमलं. त्या यशाचा आत्मविश्वास घेऊन मंडळी २०२४ मध्ये उतरली आणि पुन्हा सगळी एकाच बाजूला चुकली. १ जून २०२४ च्या संध्याकाळी साडेतीनशे ते चारशे, अगदी त्याच्याही पुढे आकडे फिरत होते. ३ जूनला बाजार उसळला, ४ जूनला कोसळला. भाजप २४०, रालोआ २९३, इंडिया आघाडी २३४. उत्तर प्रदेशात सपा ३७, भाजप ३३, आणि हे कुठल्याच वाहिनीच्या पाटीवर नव्हतं. एका मोठ्या संस्थेच्या प्रमुखांना थेट प्रक्षेपणात रडू आवरलं नाही. मला त्यांचं हसू आलं नाही. निदान त्यांनी आपला आकडा स्वतःच्या नावावर ठेवला होता. त्या आकड्यावर तासन् तास चर्चा करणारे सूत्रसंचालक दुसऱ्या दिवशी नवा अर्थ घेऊन हजर होते.

आणि अर्थाचं काय झालं? २०२४ मध्ये देशात भाजपची मतं ३७.४ वरून ३६.६ टक्क्यांवर आली. एका टक्क्याहून कमी घट, आणि ६३ जागा गेल्या. महाराष्ट्रात तर महाविकास आघाडी आणि महायुती यांच्या मतांत एका टक्क्याचंही अंतर नव्हतं, पण जागा ३० आणि १७. वायव्य मुंबईची जागा तर ४८ मतांनी ठरली. पण ३० चा आकडा दिसला आणि आघाडीच्या नेत्यांनी त्याचा अर्थ काढला की महाराष्ट्राने कौल देऊन टाकला. मुख्यमंत्री कोण यावर चर्चा सुरू झाल्या. महायुतीने मात्र तोच निकाल मतांच्या हिशेबाने वाचला असणार, कारण पुढच्या चार महिन्यांत लाडकी बहीण आली आणि प्रत्येक मतदारसंघाची बांधणी झाली. नोव्हेंबरमध्ये महायुती २३०, आघाडी ४६. मतदार याद्यांवरून मोठा वाद झाला, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. पण जूनच्या निकालाचा अर्थ चुकीचा लावला गेला एवढं त्या वादाशिवायही दिसतं.

२००४ च्या निकालाचा प्रत्येकाने आपापल्या सोयीने अर्थ लावला. डावे म्हणाले, आर्थिक सुधारणांविरुद्ध कौल. विश्व हिंदू परिषद म्हणाली, हिंदुत्व सोडलं म्हणून हरलात. खुद्द वाजपेयींनी मनालीत गुजरातच्या दंगलींकडे बोट दाखवलं. जाहिरातवाले म्हणाले, घोषणा चुकली. मतदाराला यातलं काहीच कुणी विचारलं नाही, आणि तो निकालानंतर बोलायला येत नाही. म्हणून त्याच्या तोंडी काहीही घालता येतं.

आता कुणी म्हणेल, चुकीचा अर्थ लावला तर बिघडलं कुठे? त्या 'खेड्याच्या रागा'मुळेच तर २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा आला. मान्य. आपल्या महाराष्ट्रातली १९७० च्या दशकातली रोजगार हमी देशभर गेली ही चांगलीच गोष्ट झाली, दुष्काळाच्या वर्षांत लाखो घरांची चूल त्यावर पेटली. पण ती चांगली होती म्हणून यायला हवी होती, निवडणुकीतल्या चपराकीच्या गोष्टीवर नको. कारण गोष्टीवर उभं राहिलेलं धोरण दुसरी गोष्ट आली की डळमळतं. आणि त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघा. विदर्भाने युतीला १० जागा दिल्या, पण 'ग्रामीण उठावा'च्या नकाशात तो बसत नव्हता. म्हणून त्या शेतकऱ्याला राज्य सरकारबद्दल नेमकं काय म्हणायचं होतं, ते त्या चर्चेत कुठे आलंच नाही. चुकीच्या अर्थात ज्यांचं मत बसत नाही, त्यांचं मत मोजलं जातं पण ऐकलं जात नाही. माझ्या दृष्टीने २००४ चे खरे हरलेले ते आहेत.

ब्रिटनमध्ये २०१५ ला सगळे पोल चुकले तेव्हा सर्वेक्षण संस्थांनीच स्वतंत्र चौकशी समिती नेमली. समितीने वर्षभरात अहवाल दिला की नमुनाच समाजाचं नीट प्रतिबिंब नव्हता. कुणाला विचारलं, किती जणांना, कसं, कोणाच्या पैशाने, हे उघड करणं तिथल्या संस्थांच्या संघटनेत बंधनकारक आहे. आपल्याकडे ही प्रथा रुजली नाही. आपल्याकडे चूक झाली की पुढची निवडणूक येईपर्यंत गप्प बसायचं असतं.

तेव्हा पुढच्या वेळी टीव्हीवर आकडे झळकले की जागा विचारू नका. मतांची टक्केवारी विचारा, आणि मागच्या वेळच्या आघाड्या तशाच आहेत का ते बघा. आणि निकाल लागल्यावर "जनतेने संदेश दिला" असं कोणी म्हणालं, तर त्याला तुमच्या जिल्ह्याचा आकडा दाखवा आणि विचारा, हा यात कुठे बसतो?

२००४ मध्ये तुमच्या मतदारसंघात काय झालं होतं, आणि का, हे आठवत असेल तर खाली जरूर लिहा. विशेषतः विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनी. ते अजून नीट लिहिलं गेलेलं नाही.